मनात येईल ते बोला

६ नोव्हेंबर १९९५, बदलापूर

पोचले एकदाची! खोली मनासारखी मिळाली आहे. कुमुदिनीताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या घराचा वरचा मजला. खिडकीतून चंदेरीचा डोंगर दिसतो. ताईंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, आणि मी नक्की काय काम करते ते पुन्हा पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी मी वेगळंच काहीतरी सांगितलं. आई तरी काय वेगळं करते? पुण्यात सगळ्यांना सांगते, मालिनी कॉम्प्युटरच्या पडद्याला रंग लावते.

खरं काम असं. आमची कंपनी कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे पडदे तयार करते. आजवर माणसं पॅनलवरची बटणं दाबून यंत्रं चालवत आली, आता पडद्यावरच्या चित्रांवर माऊसने टिचकी मारतील. ती चित्रं त्यांना कळतात का, कुठे हात अडखळतो, कुठे चुकतो, हे शेजारी बसून बघायचं आणि पडदा सुधारत जायचं. माणूस चुकला तर दोष माणसाचा नाही, पडद्याचा. हे काम शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी पहिल्याच तासाला हे फळ्यावर लिहिलं होतं. ताईंना हे भारी आवडलं. म्हणाल्या, शाळेत हा नियम लावला असता तर सगळा वर्ग पास झाला असता.

उद्यापासून आनंदनगर एमआयडीसी. रंगांसाठी रसायनं बनवणारा कारखाना आहे, जीप नाक्यावरून घेऊन जाणार. इथे सुट्टी रविवारी नाही, शुक्रवारी. रविवारी कामाला जायचं म्हणजे फारच शूर वाटतंय.

८ नोव्हेंबर

दोन दिवस नुसती बसून बघते आहे. पहिला आठवडा तोंड बंद आणि डोळे उघडे, हीच आमची पद्धत.

कंट्रोल रूम वरच्या मजल्यावर आहे. तिच्या मोठ्या काचेतून खालची शेड दिसते. शेडमध्ये ओळीने रिअॅक्टर. म्हणजे खोलीएवढी लोखंडी भांडी, वर झाकण, झाकणात माणूस जेमतेम आत उतरेल एवढं तोंड. त्याला मॅनहोल म्हणतात. साफसफाईला त्यातून दोराची शिडी टाकून आत उतरतात. बाकी वेळ ते बंद, आणि खालून वाफ.

जुनं पॅनल बघून मला इतका आनंद झाला की वेड्यासारखी चित्रं काढत बसले. चुकांचं प्रदर्शनच आहे ते! दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या वाफेची बटणं एकमेकांना चिकटून, दोन्ही काळी, दोन्हीवरचे आकडे बोटांनी पुसून गेलेले. आणि तीन नंबरच्या बटणाला कुणीतरी लाल दोरा बांधलाय. असं काही दिसलं की आम्ही खूश होतो, कारण वापरणाऱ्यांनी स्वतःच दुरुस्ती केलेली असते. मी विचारलं, दोरा कुणी बांधला? मधू नावाचा ऑपरेटर आहे, उल्हासनगर कॅम्प एकचा, सगळ्यात बोलका. निम्मं हिंदी, निम्मं मराठी. त्या प्रश्नावर तोही फडकं घेऊन पॅनल पुसायला लागला. शिवराम म्हणून सगळ्यात जुने ऑपरेटर आहेत, जवळच्या चामटोली गावचे. ते चहा आणायला उठून गेले. चहा अजून आलेला नाही.

मला प्रयोगशाळेतलं एक टेबल दिलंय. कंट्रोल रूमच्या बरोबर समोर, मधे शेड. तिथे विठाबाई काचेची भांडी धुतात. त्यांनी मला वेणी घालायला शिकवायचं कबूल केलंय, माझी फारच सैल असते म्हणे.

१३ नोव्हेंबर

आज पहिली चाचणी. पुठ्ठ्यावर काढलेले पडदे टेबलावर मांडते, ऑपरेटर बोट ठेवतो, मी हाताने पुढचा पुठ्ठा सरकवते. म्हणजे कॉम्प्युटर मीच. टेपरेकॉर्डर चालू. माणसाला एवढंच सांगायचं : काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोला, थांबू नका, बरोबर-चूक काही नसतं. आणि मी मदत करायची नाही. त्याने विचारलं तरी नाही, अडकला तरी नाही. मदत केली की चाचणी मेली.

जनू नावाचा तरुण ऑपरेटर पहिला बसला. लाजत होता, मग रंगला. हे काय गटार काढलंय का पाइप, वगैरे. दोन नंबरला वाफ सोडा असं काम दिलं. तो दोन्ही चित्रांवर बोट फिरवत राहिला आणि मग जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, शिडी कुठं गेली?

पडद्यावर शिडी नाहीच. मी लिहून घेतलं : पुढची पायरी सापडत नाही. रात्री बाण काढून ठेवला.

१५ नोव्हेंबर

दोन चाचण्या. पहिला ऑपरेटर कोपरगावकडचा, अबोल. वाफेच्या कामाशी आला आणि म्हणाला, शिडी कुठं गेली? तेच शब्द. बाण त्याच्या डोळ्यांसमोर होता. बाण आणखी मोठा केला.

दुसरा मधू. छान चालला होता, मॅडम ये वाला दोन आणि ये वाला तीन, दोनो जुडवा भाई लग रहे है, असं. (हे महत्त्वाचं आहे. दोन आणि तीनची चित्रं खरंच फार सारखी आहेत. कंपनीने जुन्या पॅनलवरून उतरवलेली आहेत. बदलायला हवीत.) मग त्याचा आवाज खाली गेला. हिंदी एकदम संपलं. म्हणाला, अंधार आहे. काही दिसत नाही. हात भिंतीवर फिरवावा तसा तो टेबलाच्या कडेवर फिरवत होता.

मी लिहिलं : पडदा आणखी उजळ हवा.

हे लिहिताना हसू येत नाहीये. पण पुठ्ठा उजळ कसा करणार, हाही एक प्रश्नच.

१८ नोव्हेंबर

दुपारी जेवणानंतर टेप लावून ऐकत होते. जनूची, मग मधूची. विठाबाई मोरीत भांडी धूत होत्या. एकदम पाण्याचा आवाज तेवढा राहिला. वळून पाहिलं तर त्या ओल्या हातांनी माझ्यामागे उभ्या. त्यांनी विचारलं, हे कधी बोलले?

मी म्हटलं, हा मधू आहे, कंट्रोल रूममधला. त्या म्हणाल्या, "मधू नाय तो. हे आमचे आहेत."

मग खालीच बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी मला मागे फिरवून पुन्हा लावायला सांगितलं. 'अंधार आहे' ऐकलं की त्या मान हलवायच्या, घरात कुणी बोलताना आपण हलवतो तशी.

टिपणीससाहेबांकडे गेले. गुरुदत्त टिपणीस, इथले मॅनेजर, मऊ बोलणारे, मुलीसारखं वागवतात मला. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. विठाबाईंचा नवरा शंकर इथेच होता. तीन नंबर धुवायला आत उतरला होता. बाहेरच्यांना वाटलं आला वर, त्यांनी शिडी ओढून घेतली, झाकण टाकलं. पॅनलवर शिवराम. त्याला दोन नंबरला वाफ सोडायची होती. त्याने तीनचं बटण दाबलं. चौकशीत माणसाची चूक असा निकाल लागला. विठाबाईंना इथे घेतलं, शिवरामची बढती थांबली, संपलं. टिपणीस म्हणाले, ऑपरेटर लोकांच्या मनात असतं ते, तुम्हीच म्हणता ना मनात येईल ते बोला, मग येतं बाहेर.

पटलं मला. घरी येईपर्यंत पटलं होतं.

२० नोव्हेंबर

जनूला त्याची टेप ऐकवली. त्याला काहीच आठवत नाही. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला, म्हणाला, मॅडम, शंकरदादा गेला तेव्हा मी इथं नव्हतो, मी नंतर लागलो. मी त्याला बघितलापण नाय. जीपची वाट न बघता निघून गेला.

विठाबाई दुपारच्या सुट्टीत येऊन बसतात. टेप लावा म्हणतात. लावते. आज त्यांनी रागाने विचारलं, ते एवढं विचारतायत शिडी कुठं, आणि तुम्ही तिथंच बसून गप्प का? मी चाचणीचा नियम समजावून सांगायला लागले. अर्ध्यात थांबले. कसला नियम सांगतेय मी यांना.

ठरवलं, यापुढे बोलायला लावायचं नाही. गप्प बसून काम करा, मी नुसत्या चुका टिपते.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. ताईंबरोबर बाजारात गेले, वांगी आणली, बरं वाटलं. आईला फोन केला, सांगितलं काही नाही.

गप्प बसवल्यावर चाचण्या सुरळीत होताहेत, आवाज नाही. पण चुका तशाच. दोन सांगितलं की निम्मे लोक तीनवर जातात, लाल दोरा पडद्यावर नाही ना. काल टिपणीसांना लेखी दिलं : दोन आणि तीनची चित्रं वेगळी करा, रंग वेगळे, जागा लांब, आणि आत माणूस असेल तर वाफ सुटूच नये असं कुलूप पडद्यातच हवं. ते म्हणाले, नव्या पडद्याचं उद्घाटन होऊ दे, मग सावकाश सगळं करू. मालकांनी, म्हणजे शेठनी, मुहूर्त काढलाय.

ताईंना सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, सोडून दे, पुण्याला जा. मी म्हटलं, चित्रं बदलून घेतली की जाते. एवढंच तर काम आहे माझं.

२७ नोव्हेंबर

शिवराम आज स्वतःहून आले. इतके दिवस टाळत होते. त्यांना टेपबद्दल कळलंय. म्हणाले, "बाय, मना बसव. बोलत बसव. मना त्याचा ऐकाचाय."

मी नको म्हटलं. ते खुर्चीवरून उठेनात. हात मांडीवर घट्ट धरून बसले होते, दवाखान्यात बसतात तसे.

बसवलं. बसवायला नको होतं. वाफेच्या कामाशी आले आणि त्यांच्या तोंडातून तो आवाज. बाकीच्यांच्या तोंडून तो तुटक यायचा, यांच्या तोंडून सगळा आला. शिडी कुठं गेली. अंधार आहे. अरे, खालून गरम यायला लागलं. मग स्वतःचंच नाव : शिवराम, ए शिवराम, तीन नंबर, अरे तीन नंबरमध्ये मी आहे, बंद कर. शिवरामच्याच तोंडातून शिवरामला हाका. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि तोंड हाका मारतंय. मी टेप बंद केली, खुर्ची ओढली, तेव्हा थांबलं.

मग त्यांनी तोंड पुसलं. म्हणाले, तो आजून आतच आहे बाय. आमी बाहेर काढला तो नुसता देह. तो नाय निघाला.

मी त्यांना जीपपर्यंत सोडलं. त्यांचा हात तापलेला होता.

२९ नोव्हेंबर

आज लिहवत नाही. लिहिते तरी.

सकाळी मधूची शेवटची चाचणी, पुठ्ठ्यावर नाही, खऱ्या कॉम्प्युटरवर. मला सांगितलं होतं की कॉम्प्युटर अजून कशाला जोडलेला नाही. मी दोनदा विचारलं होतं. टिपणीस मागे उभे. मधूला बजावलं होतं, तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याने हसून ओठांवर बोट ठेवलं. काल त्याच्या मुलीचा वाढदिवस झाला, त्याने पेढा आणला होता.

काम : दोन नंबरला वाफ सोडा.

त्याने माऊस धरला. चित्रांवरून फिरवला. आणि तो बोलायला लागला. आत माणूस आहे. आत माणूस आहे. खालून गरम यायला लागलं.

मी गप्प बसले. नेहमीचं आहे असं वाटलं. टिपणीस बघत होते, त्यांना टिपण हवं होतं, पडदा पाहिजे होता, आणि मी पेन्सिल धरून बसले. शिकवल्याप्रमाणे. मधूने तीनवर टिचकी मारली. मी लिहिलं : दोनऐवजी तीन, पुन्हा तीच चूक.

मग काचेपलीकडून आवाज आला. मधू तर गप्प झाला होता. आवाज खालून येत होता.

तारा कालच जोडल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून. मला सांगायचं राहून गेलं, असं टिपणीस म्हणाले. राहून गेलं.

शिवराम तीन नंबरमध्ये होते. कुणी उतरायला सांगितलं नव्हतं. स्वतः शिडी टाकून उतरले होते.

१ डिसेंबर

शिवरामांचं प्रेत चामटोलीला पोचवून आले. त्यांच्या बायकोचं नाव गंगू. तिने मला विचारलं, तू तिथंच होतीस ना?

पोलिसांनी मधूला नेलंय. त्याला काही आठवत नाही. मॅडम, मैने दोन दबाया था, दोनच दाबलं, आईशप्पथ, एवढंच सांगतो.

ताईंनी दुपारी हलवून उठवलं. म्हणाल्या, झोपेत कुणाशी बोलत होतीस?

४ डिसेंबर

टिपणीसांनी कागद पुढे केला. पडदा सुलभ आहे, चूक ऑपरेटरची आहे, खाली माझी सही. मी म्हटलं, मी तेवीस तारखेला लेखी दिलं होतं. ते म्हणाले, कुठे? माझ्याकडे तर काही आलेलं नाही. आवाज मऊच होता.

सही केली नाही. कारखान्यांचे इन्स्पेक्टर येणार आहेत, त्यांना सांगणार. पण मला पुरावा हवा होता. मी स्वतः बसायचं ठरवलं. चित्रं मी रोज बघते, मला पाठ आहेत. मीच जर दोनऐवजी तीनवर गेले तर मधूचं काय चुकलं? तारा काढलेल्या आहेत, स्वतः तपासलं. दुपारी कंट्रोल रूममध्ये कुणी नव्हतं. टेप रेकॉर्डिंगला लावली आणि बसले. मनात येईल ते बोला.

मी तीनवर गेले. बरोबर तिथेच गेले.

आणि बोलत होते. ऐकू येत होतं मला. माझ्या घशातून पुरुषाचा आवाज, आणि पायांच्या तळव्यांना ऊब. मग चटका. मला थांबता येईना. शिडी कुठं गेली शिडी कुठं गेली शिडी. खुर्चीवरून पडले म्हणून थांबलं.

टेपवर दोन आवाज आहेत. एक शंकरचा. दुसरा शिवरामांचा.

७ डिसेंबर

गेलेलं नाही. ताईंना मीठ मागायला तोंड उघडलं आणि शंकरचाच आवाज — ताई उठून देवघरात गेल्या. नंतर आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

हात माझाच आहे अजून. लिहिता येतं. जे बोलायचं ते चिठ्ठीवर.

आईचा फोन आला. उचलला नाही.

८ डिसेंबर

इन्स्पेक्टर काल आले होते. मी रजेवर आहे असं टिपणीसांनी त्यांना सांगितलं. मी गेटवरच होते. तोंड उघडलं तर वॉचमनने हात जोडले आणि मागे सरला.

सगळे ऐकतात आता. सगळ्यांना माहीत आहे आवाज कुणाचा. ऐकला की कान झाकून आत जातात.

१० डिसेंबर

विठाबाई बदलापूरला आल्या. ताईंनी वर पाठवलं. माझी वेणी घातली आधी. घट्ट. मग समोर बसल्या आणि मला नाही, त्याला म्हणाल्या, "मी आलीय. कुठं आहात तुम्ही?"

मी ओठ दाबून धरले. दातांनी. तरी आलं. तीन नंबर. तीन नंबरमध्ये.

"एकटेच आहात का शिवरामभाऊपण?"

अंधार आहे. दिसत नाही.

त्या नुसतं हं म्हणाल्या. पदराने माझं तोंड पुसलं, रक्त आलं होतं ओठाला. डबा बांधून ठेवावा तसं सगळं आवरल्यासारखं दिसलं त्यांच्या चेहऱ्यावर. निघताना म्हणाल्या, आता नका काळजी करू.

मला ते सांत्वन वाटलं.

१४ डिसेंबर

उद्घाटन. चौकशी चालू राहील, प्लांट थांबणार नाही, असं शेठनी सांगितलंय. आधी शांतीची पूजा, मग शेठ स्वतः दोन नंबरला वाफ सोडणार.

चिठ्ठी लिहून नेली होती, शेठच्या हातात द्यायला. चित्रं अजून तीच आहेत. टिपणीसांनी दंडाला धरून प्रयोगशाळेत आणलं. पाहुणे जाईपर्यंत इथे बस मालिनी, तू तोंड उघडलंस तर आज काय होईल कळतंय ना. बाहेरून कडी लावली.

खाली ताशा. मोरीत भांडी धुऊन पालथी घातलेली आहेत, ओली आहेत अजून. विठाबाई कुठे?

खिडकीतून शेड दिसते. सगळे पलीकडे पूजेला. तीन नंबरचं झाकण उघडं आहे. दोराची शिडी आत सोडलेली. शेजारी चपला, नीट जोडून. बायकी.

विठाबाईंच्या आहेत.

ओरडले. तोच आवाज आला — तीन नंबर, तीन नंबर — खाली जनूने ऐकलं. वर बघितलंच नाही. कानांवर हात, आणि आत.

पान फाडलं. 'तीन नंबरमध्ये विठाबाई आहेत, वाफ सोडू नका.' गजांतून टाकलं. पत्र्यावर जाऊन पडलं. दुसरं टाकलं. वारा —

दार हलत नाही. स्टूल मारलं. कडी बाहेरून. ताशात कुणाला ऐकू —

तिसरं पान. बाटलीला गुंडाळून फेकलं. फुटली. एक बाई दचकून लांब सरकली, तेवढंच.

ताशा थांबला. नारळ फुटला. समोर काचेमागे गर्दी. शेठ खुर्चीत बसले. टिपणीस त्यांचा हात धरून माऊस कसा धरायचा ते दाखवतोय. सगळे हसताहेत.

शिडी हलतेय. हलतेय! एक हात वर आला, बांगड्या दिसल्या. मॅनहोलच्या कडेवर. विठाबाई, या. वर या. मागे कुणाला तरी ओढताहेत की काय — एकट्या या हो, कुणी नाही आत, सोडा त्यांना —

हात पुन्हा खाली.

मी खिडकीचे गज बडवतेय डाव्या हाताने, उजव्याने लिहितेय, कुणीतरी वाचा. शेठचा हात सरकतोय. उजवीकडे. उजवीकडचं तीन आहे शेठ. दोन डावीकडे. सारखीच दिसतात, तुमची चूक नाही, पण डावीकडे घ्या, डावी